नीरफणसाची रहिवासी

माझी लेक मायलीस आठ महिन्यांची झाली, त्याच आठवड्यात आमच्या दारचं झाड काढायचा हुकूम पॅरिसहून आला. ग्वादलूप बेटावरचा रस्ता रुंद करायचा तरी सही समुद्रापलीकडची लागते. झाड कसलं, गुडघ्याएवढं नीरफणसाचं रोप, सहा पानांचं. हुकूम घेऊन आलेले देस्तिवाल साहेब मात्र इथलेच. घामाने कोट पाठीला चिकटला होता, पण काढत नव्हते.

"हात लावायचा नाही," माझी आई दारातूनच कडाडली. "नातीची नाळ पुरलीय त्याच्याखाली."

"मावशी, रोप दुसरीकडे लावा."

"आणि नाळ? पोरीने जन्मभर दोन ठिकाणी भटकायचं?"

साहेबांनी फाइल चाळली. "पुरलीय म्हणता, म्हणजे कबर झाली. कबरीवरून रस्ता नेता येत नाही."

"बघ! सरकारलाही अक्कल आहे," आई मला म्हणाली.

"फक्त मुलीच्या मृत्यूच्या या दाखल्यावर सही करा. 'मृत'च्या आधी 'अंशतः' लिहितो, काळजी नको."

मायलीस कडेवर माझी माळ चावत होती. एका सहीत तिचं रोप वाचणार होतं.

"कर की," आई म्हणाली. "कागदाला काय कळतंय?"

मी पेन हातात घेतलं आणि तसंच परत दिलं. "रोप गेलं तर जाऊ दे. तिच्या नावाशेजारी हा शब्द नको."

"म्हणजे मूल पूर्ण जिवंत आहे, असा तुमचा दावा आहे?"

मी तिला पुढे केलं. तिने साहेबांचं नाक पकडलं. नाक सुटेपर्यंत ते थांबले, मग लिहिलं, "जिवंत. दहा वाजून वीस मिनिटं." आणि चेहरा पडला. "मग नाळ इथे असल्याने अंशतः ती या जागेची रहिवासी ठरते. नोटीस तिनेच वाचून सही करायला हवी. वाचता कधी येईल?"

"सहा-सात वर्षं धरा," आई म्हणाली. "हिला तर आठवं उजाडलं होतं."

"आई!"

"मग काय खोटं सांगू साहेबांना?"

रस्ता रोपाशी येऊन थांबला. तिथून बस मागे मागे जाते. देस्तिवाल साहेब दर वर्षी नोटीस घेऊन येतात, मायलीस ती उलटी धरते, ते "नाही" असं लिहून सरबत पिऊन जातात. रोप आता छपराच्या वर गेलंय.

काल सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून पावाच्या पुड्यावर बोट फिरवत होती. बेकरीचं नाव तिने सबंध वाचलं. पाच वर्षांची आहे फक्त. माझे डोळे भरून आले.

"आई, मला वाचता येतं!" ती ओरडली.

मी तिला पोटाशी धरलं. "हळू बोल गं, सोन्या. हळू."