दुसऱ्याचं रक्त

माझी बायको सारजा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी विचारते, तरुणपणी आई कशी होती? मग मी तिला माझी लबाडी सांगतो.

शहाऐंशी साल, दुष्काळाचं. मुरुम गावच्या दूध सोसायटीत मी सॅम्पल तपासायचो. दुधात पाणी घालणारे मला वचकून असत. सारजा सात महिन्यांची पोटुशी होती. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी निघाली, रक्तातून लागणारी कावीळ. बाई म्हणाल्या, "बाळाला जन्मल्याबरोबर लस देऊ. नवऱ्यालाही तपासायला पाठव." लस त्यांनी मुंबईहून मागवली. पुढं मुलीला काही झालं नाही.

पण मला सुईची भीती. सोसायटीचा हमाल गुलाब दुधाच्या गाडीबरोबर रोज सोलापूरला जायचा. त्याला दोन प्लेट भजी चारली आणि रक्त तपासायची माझ्या नावाची चिठ्ठी दिली.

"बलभीमराव, सुई लई बारीक असती," तो म्हणाला.

"मग तूच टोचून घे."

रिपोर्ट चांगला आला. मी घरात मिरवला. माझी आई मथुराबाई लगेच म्हणाली, "माझं लेकरू साफ हाय. म्हंजी हे हिनं माहेराहून आणलं." तिनं सारजाचं ताट वेगळं काढलं. जेवणाखाण्यातून हे लागत नाही, असं बाईंनी बजावलं होतं, आई ऐकेना. चौथ्या दिवशी म्हणाली, "नळदुर्गला माहेरी धाडून दे हिला. परत आणायचं मागनं बघू."

सारजा मुकाट्यानं गाठोडं बांधायला लागली. मला राहवेना. तिला सगळं सांगून टाकलं.

ती पोट धरून हसली. "लोकांच्या चरवीतलं पाणी धरता, आन् सोता असं?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मला सोलापूरला नेलं. सुई दिसताच मी बाकड्यावर आडवा झालो. शुद्धीवर आलो तर ती पदरानं वारा घालत बाईंना सांगत होती, "बाळंतीण म्या व्हनार, आन् कळा ह्यास्नी."

माझ्याही रक्तात तेच निघालं. कुणाचं कुणाला लागलं, ते बाईंनाही सांगता येईना.

घरी येऊन आईला गुलाबचं आणि रिपोर्टचं, दोन्ही सांगितलं.

"आत्या, आता ह्यांचंबी ताट येगळं काढू का?" सारजानं विचारलं.

"गप गं. म्या एकलीच जेवू व्हय? सोड ते गाठोडं. आन् सगळी ताटं एकत्र घास."

"म्या न्हाय. ज्यांनी दुसऱ्याचं रक्त दिलं, ते घासतील."

मी राख घेऊन मोरीत बसलो. सारजा दारात उभी राहून, कुठं खरकटं राहिलं ते बोटानं दाखवत होती.