नावाड्याच्या वहीचे कार्ड

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. कपड्यांचे नव्हे आणि भांड्यांचे तर नव्हेच. मी वाचनालयातले कार्डांचे कपाट. मला चाळीस लहान खण आहेत आणि प्रत्येक खणाला एक पितळी कडी. संगणक नव्हते तेव्हा कोणते पुस्तक कुठल्या फळीवर आहे, हे माझ्या पोटातली कार्डे सांगत. शाळेची मुले मला ‘चाळीसतोंड्या’ म्हणायची. मला ते नाव आवडायचे.

मला एका सुताराने घडवले. शेवटचा खण बसवून झाल्यावर त्याने ग्रंथपालबाईंना बजावले, “बाई, याला फक्त ओलीपासून जपा. लाकूड फुगलं की खण रुसतात.”

बाईंनी मला एकतीस वर्षे जपले. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसून मगच त्या खुर्चीवर बसत. प्रत्येक कार्ड त्यांच्या हातचे. अक्षर ठेंगणे आणि सरळ. तपासणीला येणारे साहेब माझा एखादा खण ओढून पाहत आणि म्हणत, “वा! घरातल्या देव्हाऱ्यासारखं ठेवलंय.” तेव्हा मी नुसत्या कौतुकाने फुगायचो. खरे फुगणे अजून पुढे होते.

चाळिसावा खण बाईंनी वेगळ्या कामाला ठेवला होता. वाचनालयात नसलेल्या गोष्टींची कार्डे त्यात होती. कुणाच्या घरी जुनी पत्रे आहेत, कुणाकडे छायाचित्रे आहेत, कुणाला काय आठवते. “सगळंच काही आपल्याकडे आणता येत नाही, पण कुठे आहे ते तरी ठाऊक असावं,” असे त्या म्हणत. अशी एक्केचाळीस कार्डे जमली होती.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नवे ग्रंथपाल आले. माणूस कामसू होता. त्यांनी माझी कार्डे संगणकात चढवली. पण चाळिसाव्या खणातल्या कार्डांवर पुस्तकाचा क्रमांकच नव्हता, म्हणून ती तशीच राहिली. मग मला जिन्याखाली, हात धुण्याच्या बेसिनमागच्या भिंतीला टेकवले. माझ्या डोक्यावर मोडका पंखा आला, कुणाचे हेल्मेट आले. भिंतीतून ओल आली आणि हळूहळू माझ्या अंगात मुरली.

एके दिवशी बाईंची भाची आली. ती ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवीसाठी तिला एका विषयावरची सगळी अभ्याससाधने शोधून, त्यांची नोंदवार फाइल तयार करायची होती. तिने विषय घेतला होता, पूल होण्याआधी नदीवर चालणारी नाव.

माझ्यासमोर उभे राहून तिने मावशीला फोन लावला. बाईंचा आवाज मला किती दिवसांनी ऐकू आला!

“अगं, चाळिसावा खण बघ. नावाड्याचं कार्ड आहे त्यात. तीस वर्षांची वही आहे त्यांच्याकडे. कोण कधी पलीकडे गेलं, पाणी कुठवर चढलं, सगळं लिहिलंय. आधी त्यांच्याकडे जा, बाकीचं मागाहून.”

“बघते, मावशी.”

तिने कडी धरून ओढली. खण हलला नाही. तिने पुन्हा ओढली. तेवढ्यात नवे ग्रंथपाल तिथून चालले होते. ते म्हणाले, “राहू दे गं ते. त्यातलं सगळं संगणकात चढवलंय.”

“हो का? बरं झालं, सर.”

तिने हात काढून घेतला. मित्रांनो, मी त्या वेळी बोटभर जरी सरकलो असतो! उघडणे एवढेच तर माझे काम होते. नेमका त्याच दिवशी मी तोंड मिटून बसलो.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा भाची शेजारच्याच टेबलावर होती.

“मिळालं का कार्ड? गेलीस का?”

“हो ना, मावशी. जाऊन आले.”

ती वाईट मुलगी नव्हती. कामाचा डोंगर होता, आणि खोटे दोनच शब्दांचे होते.

तिने मेहनत मात्र खूप केली. जुनी वर्तमानपत्रे, पुलाचे नकाशे, पाण्याच्या पातळीचे तक्ते, अशा एकशे बारा नोंदी केल्या. चार महिन्यांनी, अंतिम परीक्षेच्या आधी, ती बांधलेली फाइल घेऊन आली. मावशीला तिने मुद्दाम वाचनालयातच बोलावले होते. बाई काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या आणि एकेका नोंदीवर बोट ठेवत वाचू लागल्या. शेवटचे पान झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिले पान उघडले.

“नावाड्याची वही कुठाय?”

भाचीने मान खाली घातली.

“खण उघडलास ना?”

“अडकला होता, मावशी.”

“मग मला काय सांगितलंस?”

बाई उठल्या. खणाखाली तळहात लावून त्यांनी तो जरासा उचलला आणि ओढला. मी उघडलो.

“लाकूड फुगलं की याला खालून उचलावं लागतं,” त्या म्हणाल्या. “हे तुला सांगायचं राहून गेलं. ते माझं चुकलं.”

कार्डावर लिहिले होते: ‘नावाडी. जुन्या धक्क्याजवळचे तिसरे घर. वही स्वतः वाचून दाखवतात. वय झाले आहे, लवकर जावे.’

दोघी तशाच निघाल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा भाचीचे डोळे लाल होते. नवे ग्रंथपाल पुढे आले, तेव्हा तिने सांगितले, “सर, नावाडी आजोबा दोन महिन्यांपूर्वी गेले. सुनेने घर आवरलं आणि वही रद्दीत दिली. ती म्हणाली, सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, वाचनालयातून कुणीतरी येईल. आलं असतं कुणी, तर हातात दिली असती.”

ग्रंथपाल म्हणाले, “मी न बघताच सांगितलं तुला.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावरचा मोडका पंखा उतरवून खाली ठेवला.

बाईंनी ते कार्ड आणि पेन भाचीच्या हातात दिले.

“खाली लिही.”

“काय लिहू?”

“झालं ते.”

तिने लिहिले, ‘वही होती. मी चार महिने उशिरा गेले.’ बाईंनी वाचले, मान हलवली आणि कार्ड माझ्यात जागेवर लावले.

त्यानंतर भाची उरलेल्या चाळीस पत्त्यांवर गेली. सव्वीस ठिकाणी काही ना काही हाती लागले. चौदा घरी तिला तेच ऐकावे लागले, “आत्ता आलात?” फाइलमध्ये तिने एक पान वाढवले, न मिळालेल्या साधनांचे. त्यावरची पहिली नोंद नावाड्याची आहे.

आता मी कोरड्या भिंतीशी उभा आहे. पण वही काही परत आली नाही. तीस वर्षे नदी ओलांडणारी माणसे तिच्याबरोबर गेली.

मित्रांनो, जुन्या कपाटांना ओल लागू देऊ नका, ही माझी विनंती तर आहेच. पण त्याहून मोठी विनंती ही, की ज्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचे तुम्ही मनात ठरवले आहे, त्याच्याकडे आजच जा. आणि जाणे झाले नसेल, तर ‘जाऊन आलो’ असे मात्र कुणाला सांगू नका.