गढूळ पाण्याचा गंज

मित्रांनो, मी एक जुना, जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज आहे. गंज म्हणजे आमच्या नागपूरकडचे लहान पातेले. पूर्वी सुभद्राबाई माझ्यात दूध तापवत. बूड काळे पडले तेव्हा त्यांच्या धाकट्या नणंदेने, प्रेमिलाने, मला मागून घेतले. तेव्हापासून नागपूरजवळच्या बेसा इथल्या आमच्या घरात, खिडकीपाशी, मी तिच्या कुंचल्यांचे पाणी धरून आहे.

प्रेमिला जलरंगात चित्रे काढते. पांढरा रंग तिच्या पेटीतच नाही. जिथे ऊन दाखवायचे तिथे ती कागद कोरा सोडते. तिने काढलेली संत्र्याची बाग पाहून लोक थांबत, तेव्हा मलाही मोठेपणा वाटे.

मग तिला मनाचा आजार झाला. कधी झोप उडे, कधी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. धंतोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आजार ओसरला, पण हात थरथरू लागला. ओल्या रंगाला थरथर खपत नाही. एके दिवशी तिने गोळी तोंडात न टाकता माझ्यात टाकली. मग रोजच.

हात स्थिर झाला. चित्रे झरझर उतरू लागली. माझे पाणी गढूळ पाहून सुभद्राबाई म्हणत, पोरगी कामाला लागली. मला सगळे कळत होते, पण भांड्याला वाचा कुठली? हळूहळू तिचे जेवण सुटले, बोलणे सुटले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. त्याही माझ्याच पोटात गेल्या.

खंडेनवमीला घरातली अवजारे पुजतात. सुभद्राबाईंनी कुंचले धुतले आणि मला घासायला घेतले. तळाशी पांढरा लगदा चिकटला होता. त्यांनी तो बोटाने खरवडला, तर आत अर्धी विरघळलेली गोळी निघाली. मग प्रेमिलाजवळ जाऊन बसल्या.

"तू तं पांढरा रंग वापरतच नाही. गोळ्या काहून टाकून राहिली वं याच्यात?"

"गोळीनं डोकं थांबते, वहिनी. पण हात नाही थांबत. हात गेला तं मी काय उरली?"

"मंग मले सांगाचं होतं ना वं."

"तुमी पाणी पाहून खुश होऊन राहिल्या होत्या."

सुभद्राबाई रागावल्या नाहीत. त्याच दुपारी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतले आणि औषध बदलले. हात थरथरतो, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

आता प्रेमिला घरी आली आहे. जेवते, थोडे बोलते. चित्र मात्र अजून काढलेले नाही. सुभद्राबाई सकाळी माझ्यात पाणी भरतात आणि संध्याकाळी ते तसेच स्वच्छ पाणी कुंडीत ओततात. चित्र काढ, असे म्हणत नाहीत.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर गोळी घेतली का, एवढेच विचारू नका. घेतल्यावर कसे वाटते, तेही विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उठून जाऊ नका.