बारक्याचं काम

सातवी क्लिप निघत नव्हती. सहा निघाल्या होत्या — पट्टी फटीत सरकवून मनगट जरासं वळवलं की कट् आवाज करून सुटलेल्या, गंजून चहाच्या रंगाच्या झालेल्या सहा क्लिपा त्यानं गुडघ्यापाशी ओळीनं मांडल्या होत्या, कोणाला नको असताना, निव्वळ सवयीनं — आणि ही सातवी मात्र दाराच्या पत्र्याला अशी धरून बसली होती की... दादानंच बसवलेली, दुसरं कोण. दादा क्लिप जागेवर धरायचा आणि तळहातानं एकच ठोसा द्यायचा, दुसरा नाही. एकदा बसवलं की जन्माचं बसवलं. माणसांच्या बाबतीतही त्याची तीच रीत होती.

"ओढा बिनधास्त, काका," मागून डॉक्टर म्हणाला. "तुटलं तर तुटलं. परत कुठं लावायचंय?"

परत लावायचं नव्हतं हे खरंच होतं. गाडी डॉक्टरची, डॉक्टर दातांचा. आठवडाभर माणसांचे दात उपटून हौस फिटत नसल्यासारखा सुटीच्या दिवशी तो या गॅरेजमध्ये येऊन गाडीचे उपटत होता. चाळिशी उलटलेली, दोन दारांची, बसकी, बाटलीच्या हिरव्या रंगाची गाडी. तिला शर्यतीच्या गाडीसारखी करायची म्हणे. म्हणजे जे धावायला लागत नाही ते काढून टाकायचं. गालिचा गेला, मागची सीट गेली, रेडिओ, हीटर, छताचं अस्तर गेलं, आवाज दाबायला फरशीवर चिकटवलेल्या डांबरी चादरीसुद्धा मिस्त्रीनं दोन दिवस बसून खरवडून काढल्या. निघालेली प्रत्येक वस्तू डॉक्टर हुकाच्या काट्याला टांगायचा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. मागची सीट, अकरा किलो. गालिचा, नऊ. आकडा मोठा निघाला की त्याचा चेहरा असा खुलायचा, जसं काही ते वजन त्याच्याच पोटावरून उतरलं होतं.

"शेवटी गाडीत फक्त गाडी उरली पाहिजे," तो म्हणायचा.

आणि ती अकरा किलोंची सीट ज्यानं शिवली होती तो कुशनवाला तिथंच, उघड्या दारापाशी, गुडघे टेकून बसला होता. हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं, आणि सांगावं असं त्याला वाटत नव्हतं.

त्याला बोलावलं होतं दोन पट्ट्यांसाठी. दार आतून ओढायला हँडल नको, लाल कापडी पट्टा हवा, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. डावीकडे एक, उजवीकडे एक. वीतभर लांबीचे दोन पट्टे. एकोणीस वर्षांपूर्वी याच गाडीत मधाच्या रंगाचं चामडं, चौकटीचौकटींची शिलाई, कडेनं दुहेरी टीप — सात आठवडे रक्ताचं पाणी केलं होतं — आणि आज वीतभर पट्टे. फोनवर गाडीचा रंग ऐकला आणि तो म्हणाला, येतो. दारांची आतली, चामड्यानं मढवलेली पॅनेलं काढायचं काम खरं तर मिस्त्रीचं, पण इथं आल्या आल्या तो म्हणाला, ती मी काढतो. मिस्त्रीनं वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून त्याला न्याहाळलं.

"फुकटात?"

"फुकटात."

"मग काढा की. माझ्या बापाचं काय जातंय."

त्याला पॅनेलच्या मागं काय लिहिलंय ते बघायचं होतं. एवढंच. एवढ्यासाठी तो आला होता.

दादाचा नेम असा की शिवू दे कोणीही, पॅनेल दाराला बसवायचं ते दादानंच, आणि बसवण्याआधी हार्डबोर्डच्या उघड्या बाजूवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहायचं — ज्याचं काम त्याचं नाव. स्वतःचं काम असलं तर नाव नाही, नुसता एक गोल आणि आत टिंब. "पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली," दादा म्हणायचा. या गाडीची पॅनेलं बसवली त्या दुपारी हा धाकटा दुकानात नव्हता. सात आठवड्यांत पहिल्यांदा घरी जाऊन आडवा झाला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब, म्हणजे गाडीचे तेव्हाचे मालक, गाडी न्यायला आले, सीटवरून हात फिरवला, दाराच्या कडेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं, आणि म्हणाले, "जादू आहे हो तुमच्या हातात." दादाला म्हणाले. तो दोन हातांच्या अंतरावर उभा, नखांत अजून चामडं चिकटवायचं सोल्यूशन सुकलेलं... आणि दादा हसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "असू द्या." हे माझ्या धाकट्या भावाचं काम — नाही. बोट दाखवणं — नाही. असू द्या. गाडी गेली. संध्याकाळी शटर ओढताना दादा काहीतरी बोलेल म्हणून तो कुलूप हातात धरून थांबला, तर दादा म्हणाला, "उद्या जरा लवकर ये." तीन महिन्यांनी धाकट्यानं आपलं शिलाई मशीन उचललं आणि पलीकडच्या गल्लीत दुकान थाटलं. एकोणीस वर्षं. रस्त्यात समोर दिसला की बाजू बदलायची. कोणी बदलायची? आधी मी बदलायचो. मग दोघंही.

गोल असला तर चोरी सिद्ध झाली. मग ही एकोणीस वर्षं वाया गेली नाहीत, तो बरोबर होता, संपलं. आणि नाव असलं तर... पण हा विचार त्यानं कधी शेवटपर्यंत नेला नव्हता.

सातवी निघाली. मग आठवी, नववी, आणि डावं पॅनेल एका अंगानं सुटून त्याच्या मांडीवर आलं. त्यानं ते उलटं केलं. "डावं" असं लिहिलं होतं. बाकी सोल्यूशनचे ओघळ, दुमडलेल्या चामड्याच्या कडा, त्याच्याच हातच्या खडूच्या रेघा. गोल नाही, नाव नाही. डावं. त्याला वाटलं दादा समोर उभा राहून दात दाखवतोय. एवढी वर्षं झाल्यावर डावं आहे हे तू मला सांगतोस?

"एक किलो सहाशे," डॉक्टरनं काटा वाचला. "बघा, किती माल भरून ठेवलाय लोकांनी."

चहा आला. तो चहा हातात धरून गाडीच्या आत बघत बसला. आतून आता ती नुसता पत्रा होती, रंगाच्या खालचा करडा पत्रा, जिथं तिथं भोकं आणि वायरी, आणि गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून मिस्त्रीनं जोडायला घेतलेला नळ्यांचा पिंजरा. वहिनीची आठवण यायचं काही कारण नव्हतं, पण आली. दादा गेला त्याला वर्ष होत आलं; गेल्यावर पंधरा दिवसांनी तो त्या घरी गेला होता, चप्पल न काढता दारातच उभा राहिला होता, आणि वहिनीनं आतून दादाची चामडं टोचायची आरी आणून त्याच्या हातावर ठेवली होती. लाकडी मुठीची, अंगठ्याच्या जागी झिजलेली. म्हणाली, "रोज तुमचं नाव काढायचे, भावजी." तो हं म्हणाला आणि निघाला. जिन्यात त्याच्या मनात आलं, नाव काढायचा म्हणजे कसं? आठवण काढायचा, की नावं ठेवायचा? परत वर जाऊन विचारायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी दारात आलेल्या दिरानं असली चौकशी करायची म्हणजे... वहिनी बाई भली आहे, तिनं खोटंही सांगितलं असतं.

उजवं पॅनेल सहज निघालं. इतकं सहज की तो तयार होण्याआधीच ते हातात होतं, आणि उलटं करण्याआधीच डॉक्टरनं ते काट्याला लावायला घेतलं.

"अरे, यावर काहीतरी लिहिलंय." डॉक्टरनं ते उजेडाकडे वळवलं. "बारक्याचं काम."

पेन्सिल जाड होती. अक्षर दादाचंच, 'क'ला शेपूट देणारं. खाली गोल नव्हता.

बारक्या तो. घरात तो बारक्या, दुकानात बारक्या, गिऱ्हाइकांतही बारक्या. आणि छातीत काहीतरी वर येऊ लागलं, गरम, थेट डोळ्यांपर्यंत — नाव होतं, लिहिलं होतं त्यानं — ते तसंच अर्ध्यावर थांबलं. कारण 'बारक्याचं काम' ही दुकानातली म्हण होती. सोळाव्या वर्षी त्यानं एक सीटकव्हर उलटं शिवलं, दादानं ते चार माणसांत उंच धरून दाखवलं, "बघा, बारक्याचं काम," आणि त्या दिवसापासून दुकानात काहीही बिघडलं की तेच. चहा सांडला, बारक्याचं काम. छत गळलं, बारक्याचं काम. तो दुकानात नसतानाही. चाळिशी जवळ आलेल्या माणसाच्या कामाला, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामाला, दादानं मागून हे लिहिलं होतं, दुपारी, एकट्यानं, पेन्सिल कानामागून काढून... आणि लिहिताना तो हसत होता का? कसा हसत होता?

एकदाच, पुष्कळ वर्षांपूर्वी, कोणीतरी बोटीचं छत शिवून मागायला आला होता तेव्हा दादा म्हणाला होता, "ते बारक्याचं काम. माझ्यानं व्हायचं नाही." म्हणाला होता ना? की एवढ्या वर्षांत मीच ते रचलं?

"बारक्या कोण?" डॉक्टरनं विचारलं.

"असेल कोणीतरी," तो म्हणाला.

डॉक्टरनं पॅनेल सुलटं केलं. पहिल्यांदाच त्यानं ते वजन सोडून दुसऱ्या कशासाठी बघितलं. अंगठ्यानं दुहेरी टीप चाचपली, दाताच्या कडेवरून अवजार फिरवावं तशी. "काम मात्र एक नंबर आहे हं. टाका न् टाका सारखा. मोठा कारागीर असणार."

"असू द्या," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. मानही खाली गेली होती. सांगायला काय लागत होतं — मी, हे मी केलं, बारक्या म्हणजे मी — तीन शब्द पुरले असते. लाज वाटली? गर्व आला? की स्तुती अंगावर आली की आमच्या घरात कोणालाच उभं राहता येत नाही, आणि तोंडातून निघतं ते एवढंच? तसं असेल तर दादाच्या तोंडूनही... नाही. नाही, तो माझ्याबद्दल बोलायला हवा होता. मी तर स्वतःबद्दल गप्प राहिलो. यात फरक आहे. फरक होता, पण सकाळी होता तेवढा राहिला नव्हता. एकोणीस वर्षं जपलेल्या रागाचा एक कोपरा सुटला होता आणि त्याला त्याचाच राग येत होता. सांगायचं होतंस रे. एकदा तोंडानं सांगायचं होतंस. पत्र्याच्या अंधारात लिहून ठेवून कोणाला कळतं?

"एक किलो सातशे. शंभर ग्रॅम जास्त," डॉक्टर खूश झाला. "हवीत तर न्या ही, काका. नाहीतर भंगारातच जायची."

"नको," तो म्हणाला. "काय करू नेऊन."

मग मिस्त्रीनंच उजवं उचललं, पिंजऱ्याच्या खाली सरकवलं, चामड्याची बाजू वर करून, आणि त्यावर गुडघे टेकून वेल्डिंगला बसला. "गुडघ्याला बरंय," तो म्हणाला. लिहिलेली बाजू फरशीला लागली. एक ठिणगी मधाच्या रंगाच्या चौकटीवर पडली, काळा ठिपका उठला, आणि कुशनवाल्यानं तिकडं पाठ करून आपलं मशीन उघडलं.

लाल पट्टा. कापून, टोकं दुमडून, मधे चौकट आणि चौकटीत फुली, ताण बसला तरी उसवू नये म्हणून. हे काम डोळे मिटूनही झालं असतं. पट्ट्याला मागची बाजू नव्हती, दोन्हीकडून तोच लाल. तशी आता या गाडीलाच मागची बाजू उरली नव्हती. जे आहे ते उघडं, मोजलेलं, समोर. कोणाचं नाव लिहायचं म्हटलं तरी जागा नव्हती. डॉक्टर भिंतीपाशी उभा राहून खडूचे आकडे जुळवत होता.

फुलीच्या वळणावर टीप घसरली. वीतभर पट्ट्यात, शिकाऊ हातानंही चुकू नये अशा जागी, तीन टाके रेघेबाहेर गेले. त्यानं पाय मशीनवरून काढला.

"बारक्याचं काम," तो म्हणाला.

मोठ्यानंच म्हणाला असावा, कारण मिस्त्रीनं काच वर करून बघितलं आणि काही नाही असं समजून पुन्हा खाली घेतली. त्यानं खिशातून आरी काढली. झिजलेल्या जागी त्याचा अंगठा बसत नव्हता, दादाचा पंजा मोठा होता. पहिला चुकलेला टाका उचलता उचलता तो थांबला, आणि पुन्हा म्हणून बघितलं, या वेळी हळू, अदबीनं, समोर वकीलसाहेब उभे आहेत आणि त्यांना बोट करून दाखवायचंय तसं — बारक्याचं काम.

त्यानं कान देऊन ऐकलं. दोन्ही वेळा आवाज दादाचाच होता.