अडीचशे डावीकडे, अडीचशे उजवीकडे

मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत शेखरचा छापखाना आहे, आणि त्या छापखान्यात खिडकीजवळची खुर्ची इंद्रभानकाकांची आहे. काका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर चौदा वर्षं ते इथे लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतात आणि मुद्रितं तपासतात. स्वभाव असा, की चहात साखर टाकायची राहिली तरी मुकाट्याने पितील, पण पोऱ्याला बोलणार नाहीत.

पत्रिका जुळवणं सोपं आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने मेहकर तालुक्यात एक लग्न काढून पाहावं. नवरा-नवरी चार ओळींत आटोपतात. खरं काम त्यांच्या खाली असतं. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, समस्त मित्रमंडळ आणि तळाला चिमुकल्यांचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. कोणाचं नाव कोणाच्या वर आलं, यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलणं टाकतात. म्हणून छापखान्याची रीत ठरलेली होती. कोणत्याही घरची पत्रिका कोऱ्या पानावर सुरू करायची नाही. त्या घरची मागची पत्रिका उघडायची, गेलेल्यांच्या नावाआधी 'कै.' लावायचं, नव्या सुना-जावयांची भर घालायची, झालं. वर-खालीचं भांडण एकदा मिटलं की मिटलं. तालुक्यातली अशी चौदा वर्षांची शांतता काकांच्या पुढ्यातल्या जुन्या संगणकात साठवलेली होती.

तो संगणक हाच डिंपलच्या डोक्याला ताप होता. डिंपल म्हणजे शेखरची बायको, माहेर जालन्याचं. फ्लेक्स आणि रंगीत काम ती नव्या संगणकावर करायची.

"काका, चोरांना रोज नवी युक्ती सापडते," ती सांगायची. "बाकीच्या संगणकांची भोकं कंपनी बुजवत राहते. तुमच्या ह्याच्या सिस्टीमकडे बघणं कंपनीने कधीच बंद केलंय. अँटिव्हायरससुद्धा आता ह्यावर चढत नाही."

"चालतंय ना पण," काका पुटपुटायचे.

खरी गोष्ट वेगळी होती. जुळणीचं जुनं सॉफ्टवेअर फक्त त्याच संगणकावर चालायचं आणि काकांच्या बोटांना तेवढाच कीबोर्ड माहीत होता. नव्या संगणकापुढे बसलो तर आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल, ही त्यांची धास्ती. पुस्तकांत आयुष्य गेलेला माणूस, यंत्राचं काय सांगावं!

शेवटी डिंपलने आपल्या परीने बंदोबस्त केला. इंटरनेटची तार काढली. पेनड्राइव्हच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लाल शाईने लिहिलं, 'काका, नाही म्हणजे नाही.' दर शनिवारी सगळ्या पत्रिकांची नक्कल तिच्या डिस्कवर करायची, हेही शिकवलं. काका दर शनिवारी "करतो" म्हणायचे, डिस्क हातात घ्यायचे, भलतीच कळ दाबून सगळं पुसलं गेलं तर, या विचाराने घामाघूम व्हायचे आणि डिस्क परत खणात ठेवायचे. डिंपलने स्वतः केलेली नक्कल तेवढी होती, दोन वर्षांपूर्वीची.

अशात किसनरावांच्या मनालीचं लग्न ठरलं.

किसनराव आणि त्यांचे थोरले भाऊ रामराव सहा वर्षं बोलत नव्हते. रामरावांच्या मुलाच्या पत्रिकेत किसनरावांचं नाव रामरावांच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं, एवढंच निमित्त. पण मनालीने घरात सांगून टाकलं, "मोठे बाबा येत नसतीन तर मीबी मांडवात येत नाही." तेव्हा कुठे शुक्रवारी दोघे भाऊ छापखान्यात येऊन, एकमेकांकडे पाठ करून बसले. तीन वेळा चहा झाला. एकाहत्तर नावं एकेक करून ठरली. सगळ्यांत वर आई अन्नपूर्णाबाई, तिच्याखाली दोघे भाऊ शेजारी शेजारी, एकाच ओळीत. पण डावीकडे कोण? वाचणारा डावीकडून वाचतो, म्हणजे डावीकडचा मोठा! पुन्हा आवाज चढले. तेव्हा काका खाली मान घालून इतकंच म्हणाले, "पाचशे पत्रिका आहेत. अडीचशेत हे डावीकडे, अडीचशेत ते."

दोघे भाऊ प्रथमच एकमेकांकडे वळले. ठरलं. मंगळवारी दुपारी दोघांनी येऊन पहिल्या पत्रिका न्यायच्या आणि देवळात शारंगधर बालाजीच्या पायांशी ठेवायच्या.

मंगळवारी सकाळी किसनराव एकटेच आले, पेनड्राइव्ह घेऊन.

"काका, पोरीचा फोटो टाकाचा राह्यला. याच्यात आहे."

काकांनी लाल अक्षरांकडे पाहिलं. डिंपल बँकेत गेली होती. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसला. माणूस एवढा आनंदात असताना त्याला कसं नाही म्हणावं! त्यांनी चिकटपट्टी नखाने हळूच सोडवली.

फोटो आला. किसनराव खूश होऊन गेले. आणि अर्ध्या तासाने संगणकाचा पडदा लालभडक झाला. इंग्रजीत धमकीची नोटीस, खाली उलटं चालणारं घड्याळ. काकांनी एक पत्रिका उघडून पाहिली, दुसरी पाहिली. उघडेना एकही. चौदा वर्षं कुलपात गेली होती.

डिंपल आली तेव्हा काका चिकटपट्टी हातात धरून उभे होते.  तिला सगळं कळलं. तिने आधी संगणकाची वायर ओढली, मग काकांना पाणी दिलं.

"पैसे मागतायत ते. द्यायचे नाहीत, दिले तरी फाइली मिळतील असं नाही. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं सगळं आहे, काका. बसा."

तिने डिस्क लावून किसनरावांच्या घराची पत्रिका उघडली. काकांनी चष्मा पुसला आणि त्यांचा चेहराच उतरला. ही तर सहा वर्षांपूर्वीची. भांडणाची! मेहुणे वर, किसनराव खाली.

"ही त्यांच्या नजरेला पडली तर लग्न मोडेल गं. शुक्रवारी ठरलेलं सगळं पडद्यावरच होतं, प्रिंटरची शाई संपली होती. आणि ती एकाहत्तर नावं मला नाही आठवणार. माझं डोकं आता..."

"काका, मुद्रित वाचताना तुम्ही मोठ्याने वाचता ना, पाढ्यांसारखं? डोळे मिटा. वाचा."

"समोर काही नसताना?"

"असू द्या. मी टाइप करते."

काकांनी डोळे मिटले.  मग "श्रीमती अन्नपूर्णाबाई" निघालं, मागोमाग दोघे भाऊ, मग सुना, मग जावई. डिंपलची बोटं नव्या कीबोर्डवर पळू लागली. नावं नुसती येत नव्हती, त्यांच्याबरोबर सगळा शुक्रवार येत होता.

"सौ. पुष्पांजली. इथं रामराव खोकले होते. मग सौ. छाया. इथं किसनराव म्हणाले, चहा सांगा. त्याच्याखाली मेहुणे, तेव्हा दोघेही एकदम म्हणाले, चालते!"

डिंपल हसता हसता टाइप करत होती. काका डोळे मिटूनच हसले. एकाहत्तरावं नाव संपलं तेव्हा शर्ट घामाने भिजला होता, पण आवाज खणखणीत होता.

दोन पत्रिका छापून हातात येतात तोच दोघे भाऊ मनालीला घेऊन दारात. डिंपल काही बोलायच्या आत काका उभे राहिले.

"माझी चूक झाली. पेनड्राइव्ह मी लावला. सगळं गेलं. हे आठवणीतून लिहिलंय. एखादं नाव वर-खाली झालं असेल तर मला बोला, एकमेकांना बोलू नका."

एवढं लांब भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

किसनरावांनी कपाळावर हात मारला. "पेनड्राइव्ह तर माह्याच होता ना बाप्पा!"

"तुह्याच असन!" रामराव म्हणाले. "लहानपणी गोवरबी तूच घरी आणला होता, मले झाला."

"सहा वर्षं बोलला नाही, अन् आता हे बोलून राह्यला का बे?"

दोघेही हसत सुटले. मग दोन पत्रिकांवर दोन डोकी वाकली. बोटं ओळींवरून फिरली. रामरावांना आपलं नाव सापडलं, आपल्या सुनेचं, नातवाचं. किसनरावांना आपलं.

"बराबर आहे."

"हाव, एकदम बराबर."

मनालीने रामरावांच्या खांद्यावरून डोकावून पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली.

"बाबा, लग्न कोनाचं आहे?"

"तुह्यं. काऊन?"

"मंग माह्यं नाव कुठी आहे?"

 काकांनी पत्रिका घेतली. एकाहत्तर नावं जागच्या जागी होती, घड्याळावरच्या आकड्यांसारखी. फोटोची जागाही सोडलेली होती. नवरी तेवढी नव्हती, आणि नवराही नव्हता. शुक्रवारी त्या दोघांवरून भांडणच झालं नव्हतं, मग आठवणार कसे!

सगळ्यांत आधी मनालीच हसली. मग रामराव इतके हसले, की त्यांना कागदाच्या गठ्ठ्यावर बसवावं लागलं. काकांना हसावं की रडावं कळेना, आणि ते कधी हसू लागले तेही कळलं नाही. डिंपल खुर्चीवरून उठली.

"काका, इथे बसा. ही दोन नावं तुम्हीच टाइप करा."

नवा कीबोर्ड. काकांनी एका बोटाने 'चि. सौ. कां. मनाली' लिहिलं. पाच मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही.

पुन्हा छापलेल्या दोन पत्रिका, एक अशी आणि एक तशी, घेऊन भाऊ बाहेर पडले; मनाली बाकीच्या पत्रिकांसाठी फोटोचं बघायला मागे थांबली. दारात एकच मोटारसायकल होती, आणि दोघांचाही हात एकदम हँडलवर पडला. दोघे एकमेकांकडे बघत थांबले. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले, "जाताना एकाने चालवा, येताना दुसऱ्याने!"