पापण्यांआडची खाडी

सई शिकवणीवरून घरी आली तेव्हा दुधाचं पातेलं जळून काळं पडलं होतं. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता आणि शेगडीशेजारच्या स्टुलावर तिची सासू ठमाबाई डोळे मिटून बसली होती. चेहऱ्यावर हसू होतं.

सईने गॅस बंद केला. "आई, वास नाही आला तुम्हाला?"

"आला गो," ठमाबाई म्हणाली. "पण तो लांबून कुठूनतरी येत व्हता."

ठमाबाईने चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मासळीची पाटी सुटली आणि मुलगा कुंदन तिला करंज्याच्या कोळीवाड्यातून पनवेलच्या खांदा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. तो न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवायचा. थोड्याच महिन्यांत ठमाबाईचे डोळे चुरचुरायला लागले. उघडे ठेवले की वाळू गेल्यासारखे खुपायचे, मिटले की गार वाटायचं. मग ती मिटूनच बसू लागली.

मिटलेल्या पापण्यांआड खाडी होती. भरतीचं पाणी गॅलरीच्या कठड्याला लागायचं. इमारतींच्या मधून होड्या आवाज न करता जायच्या. एका होडीत तिचा वारलेला नवरा भगवान जाळं विणत बसलेला असायचा. तो कधी वर बघायचा नाही, तिलाही त्याचं वाईट वाटायचं नाही. तिथून परत यायला मात्र दिवसेंदिवस जड जात होतं.

पातेलं जळाल्यावर सई तिला नवीन पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टर सायमा यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाणी किती येतं ते पाहिलं.

"डोळे कोरडे आहेत, पण थोडेच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास मात्र फार होतोय. झोप लागते, मावशी? जेवण जातं?"

ठमाबाई पदर सारखा करू लागली. सई म्हणाली, "बोंबील केले तरी ताट सरकवतात."

"मी डोल्यांसाठी आलेय," ठमाबाई म्हणाली. "माजं डोकं ठिकानावर हाय."

"आहेच. पण मन खचलं की डोळे जास्त टोचतात, आणि डोळे सारखे दुखले की मन आणखी खचतं. दोन्हींना औषध हवं."

त्यांनी सुचवलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या गोळीने तोंडाला कोरड पडली, डोळे जास्तच जळजळू लागले. ठमाबाईने गोळ्या उशीखाली लपवल्या. सईला त्या सापडल्या, पण ती रागावली नाही. तिने डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घेतली.

डोळ्यांत थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आणि पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. सई शेजारी बसायची.

"काय दिसतंय?" एकदा तिने सहज विचारलं.

ठमाबाईने सांगितलं. पाणी, होड्या, भगवान. आजवर तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग सई रोज विचारू लागली. एका दुपारी होड्या बाजारात शिरल्या.

"माजी जागा हाय तिथं," ठमाबाई म्हणाली. "पाटी भरलेली हाय, पण कुनी बसलेलं नाय. मासलीवर पानी पन नाय मारलं कुनी."

सईने तिचा हात धरला. "उद्या जाऊन बघू या."

बाजारात त्या जागेवर एक तरुण कोळीण कानाला फोन लावून पापलेट विकत होती. ठमाबाई नुसतीच उभी राहिली. आपलं चुकलंच, असं सईला वाटलं. तेवढ्यात ठमाबाईने वाकून एका पापलेटाचा कल्ला उचलून पाहिला.

"पोरी, ह्यो कालचा हाय. वर नको ठेवू, गिऱ्हाईक फिरंल."

पोरीने फोन खाली घेतला. "तू कोन गो?"

"मी इथं बसायची," ठमाबाई म्हणाली. "जरा सरक."

पोर सरकली.

आता बुधवारी आणि शुक्रवारी ठमाबाई तिथे तासभर बसते. डोळे अजून चुरचुरतात. एखाद्या दिवशी ती उठायलाच नको म्हणते, तेव्हा सई पेज घेऊन पलंगाशी बसते. पण बाजाराच्या दिवशी कुंदन उठायच्या आधी तिची आंघोळ झालेली असते.