गोमुखीतला नाद

कोपरगावात अजिनाथच्या जुन्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा ढीग पडला होता. सीडी प्लेयर बघायला जाताना चपला काढायची कारभारींची ही पहिलीच वेळ.

कारभारींची तीस वर्षं साखर कारखान्यात टर्बाइनच्या शेजारी गेली होती. त्या घरघरीने दोन्ही कान अधू केले. आता कानात यंत्र लावलं की नीट ऐकू यायचं. भजनाच्या सीड्यांचा मोठा डबा त्यांनी जपून ठेवला होता, पण दर तासाला उठून सीडी बदलायची म्हणजे गुडघे बोंब मारायचे. म्हणून एकदम पाच सीड्या बसतील असा चांगला प्लेयर त्यांना हवा होता. सोबत बायको गोजरबाई होती आणि शेजारची सरवरी. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची, तेव्हा आवाजातलं तिला कळतं, असा कारभारींचा हिशेब.

आत टेबलावर पाच सीड्यांचा एक प्लेयर, त्याच्याखाली अ‍ॅम्प्लिफायर, दोन्हींवर झेंडूच्या जाडजूड माळा. शेजारी पांढऱ्या कफनीत नादानंद महाराज. उजवा हात जपमाळेच्या कापडी पिशवीत, म्हणजे गोमुखीत, बोटं आत सारखी चाललेली.

"साधा प्लेयर सीडी वाचतो," महाराज डोळे मिटून म्हणाले, "सिद्ध प्लेयर सीडीचं मन वाचतो! या पाच खाचा म्हणजे पंचमहाभूतं. अग्नीच्या खाचेत लावणी ठेवू नका, स्पीकर जळेल. जलाच्या खाचेत ठेवा."

"आन् भारूड?" मागून कुणीतरी विचारलं.

"वायू," महाराज क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

त्यांनी एक भजन लावलं. आवाज बरा होता. मग डाव्या हाताने प्लेयरवर रुद्राक्ष ठेवला आणि "ॐ नादाय" म्हणाले. आवाज एकदम भरला. मृदंग छातीत वाजायला लागला, टाळ लखलखले. लोकांच्या तोंडून "आहाहा!" निघालं. अजिनाथने हात जोडले. या प्लेयरचा भाव साध्याच्या तिप्पट असल्यामुळे त्याची भक्ती जरा जास्तच होती.

"आता कानातलं यंत्र काढा, बाबा," महाराज कारभारींना म्हणाले.

कारभारींनी यंत्र काढलं. पुन्हा रुद्राक्ष, पुन्हा मंत्र. आणि यंत्राशिवाय भजनाचे शब्द ऐकू आले! कितीतरी वर्षांनी! म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"गोजर, मला ऐकू येतंय गं! लई स्पष्ट!"

"मी घरात इतकी वरडते ते येत न्हाई व्हय?" गोजरबाई पदराने त्यांचे डोळे पुसत म्हणाली.

"एक महिना हाच नाद ऐका. कान उघडतील," महाराजांनी तांब्याचा गडू पुढे केला. "यंत्राचा मोह सोडा. ते इथं अर्पण करा."

कारभारींचा हात गडूकडे गेला. सरवरीने तो वरच्या वर धरला. मागच्या वर्षी हेच कारभारी यंत्र न लावता रस्त्यावर गेले आणि उसाच्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचले, हे तिला आठवत होतं. शिवाय तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. मंत्र सुरू झाला की अ‍ॅम्प्लिफायरवरची माळ हळूच हलायची. दुकानात पंखा बंद होता.

तिने कारभारींच्या कानात यंत्र परत बसवलं आणि म्हणाली, "काका, तुमची टोपी द्या जरा."

टोपी तिने अ‍ॅम्प्लिफायरच्या समोरच्या बाजूवर नीट अडकवली. "महाराज, आता करा."

रुद्राक्ष ठेवला. मंत्र झाला. आवाज होता तिथेच. महाराज मंत्र जोरात म्हणाले. तरी काही नाही. गोमुखीतली बोटं घाईने चालायला लागली.

"टोपी काढा," महाराज कपाळ पुसत म्हणाले. "नादाचा श्वास कोंडतोय!"

"नादाला टोपी चालत न्हाई, आन् एवढी मोठी माळ चालती?" गोजरबाईने विचारलं. लोक हसले.

"बरोबर बोलल्या काकू. दोन्ही काढू," सरवरी म्हणाली आणि टोपीबरोबर माळही उचलली. आवाजाचं गोल बटण उघडं पडलं. "आता सगळ्यांनी फक्त या बटणाकडे बघा."

घाबरलेल्या महाराजांचं बोट गोमुखीत दाबलेलंच होतं. बटण आपोआप उजवीकडे फिरायला लागलं आणि भजन इतकं दणाणलं की कारभारींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. गोजरबाईने पुढे होऊन गोमुखी ओढली. जपमाळेऐवजी रिमोट खाली पडला. टोपीने त्याचाच किरण अडवला होता.

महाराज मागच्या दाराने गेले. गेले ते अनवाणीच.

"पन मला ऐकू आलं, ते खोटं हुतं का?" कारभारींनी हळूच विचारलं. चेहरा पार उतरला होता.

"खरं होतं, काका. आवाज मोठा केला म्हणून आलं. शिवाय तेच गाणं जरा मोठ्याने वाजवलं की सगळ्यांनाच जास्त गोड वाटतं. म्हणून दोन प्लेयर निवडायचे तर आवाज सारखा ठेवून ऐकायचे. पण कारखान्याने खाल्लेले कान मोठ्या आवाजाने बरे होत नाहीत, आणखी बिघडतात."

कारभारींनी पिशवीतून आपली चरे पडलेली सीडी काढली आणि अजिनाथला दुकानातले सगळे प्लेयर लावायला सांगितले. प्रत्येकाचा आवाज सरवरीने सारखा ठेवला. एक अडखळला, एकाची सीड्या ठेवायची चकती कुरकुरत फिरली. तिसऱ्याने चरे सहज पार केले, आणि एक सीडी वाजत असताना बाकीच्या चार बदलताही आल्या. कारभारींनी तोच घेतला. सिद्ध प्लेयर चरे पडलेल्या सीडीवर पहिल्याच मिनिटाला अडकला होता.

चमत्कार बघून हात जोडायची घाई करू नये. आधी तो पुन्हा करायला सांगावा, आणि या वेळी करणाऱ्याचे दोन्ही हात कुठे आहेत, तेवढं बघावं.